पोस्टमन आणि सातवा पूल

ब्राझीलच्या मिनास प्रांतातल्या पेद्रा मान्सा गावात आदेर्बाल फोन्तोरा हा गृहस्थ दोन गोष्टींसाठी ओळखला जातो. पहिली म्हणजे त्यानं नगरपालिकेच्या पाणीखात्यात जन्मभर नकाशे काढले आणि त्यातल्या एकाही नकाशाप्रमाणे पाइप पडले नाहीत. दुसरी म्हणजे सातवा पूल. पाण्याचं गाव केव्हाच विसरलं. पुलाचं विसरायला मात्र कुणी तयार नाही.

लिबोरियोच्या बारमध्ये बिलियर्डच्या टेबलाशेजारी टोकन टाकून खेळायचं एक मशीन होतं. त्यात एक पोस्टमन. पाठीवर टपालाची पिशवी, समोर नदीवरचा पूल आणि पुलावर कुत्री. कुत्र्यांना चुकवत पलीकडे पोचलं की पुढचा पूल. असे सहा. सहावा ओलांडला की मशीन निर्लज्जपणे पुन्हा पहिला पूल दाखवायचं. हे सगळ्या गावाला तोंडपाठ होतं, कारण त्या काळात गावच्या तरुणांनी याखेरीज फारसं काही केलेलं नाही. अशात एका दुपारी आदेर्बालनं जाहीर केलं, की सहाव्यानंतर आपल्याला सातवा पूल दिसला. पुलाखाली पाणी नव्हतं, आकडे वाहत होते. वर आभाळातून कुत्री उलटी लोंबकळत होती.

"आणि मासे?" लिबोरियोनं गल्ल्यावरून विचारलं. "मासे काय बिअर पीत बसले होते का?"

साक्षीदार एकच होता, तो म्हणजे शेजारी उभा असलेला त्याचा जिवलग मित्र वाल्दोमिरो. त्यानं सांगितलं, "मी नेमका बाहेर बघत होतो." झालं. तिथून पुढे पस्तीसेक वर्षं हा सातवा पूल आदेर्बालच्या मानगुटीवर बसला. तो काहीही सांगायला लागला, की ऐकणारा शांतपणे विचारी, "हे पुलाच्या अलीकडे की पलीकडे?" त्याच्या मुलीच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता म्हणून वाल्दोमिरोच उभा होता. त्या दिवसापासून ते एकमेकांचे कोंपाद्रे झाले, म्हणजे सख्ख्या भावाहून जवळचे. पण पाद्रीबाबा लेकराच्या डोक्यावर पाणी ओतत असताना हा सख्ख्याहून जवळचा भाऊ हळूच पुटपुटला, "पाणीच आहे ना? आकडे नाहीत?" पाद्रीबाबांनासुद्धा हसू आवरलं नाही.

तेही त्यानं गिळलं. पण निवृत्तीच्या दिवशी साहेब भाषणात आदरानं 'सेऊ' लावून म्हणाले, "सेऊ आदेर्बाल आता निवांत सातव्या पुलावर बसून मासे धरतील," आणि नुकती नोकरीला लागलेली, ते मशीन जन्मात न पाहिलेली पोरंही खो खो हसली. तेव्हा आदेर्बालनं केकचा तुकडा खाली ठेवला. घरी येऊन बायकोला म्हणाला, "दाल्वा, मी तो खेळ घरी आणणार आहे."

"मशीन? इथे? ठेवणार कुठे, माझ्या डोक्यावर?"

"मशीन नाही, खेळ. पोरीचा जुना व्हिडिओगेम माळ्यावर आहे ना, त्यावर उतरवणार. जसाच्या तसा. आणि चारचौघांत सातवा पूल दाखवणार."

माळ्यावरचे असले डबे काढून त्यांच्यावर बारमधले जुने खेळ उतरवत बसणारी माणसं जगात पुष्कळ आहेत. आमच्याकडे तर जरा जास्तच आहेत, कारण आमच्याकडे कुणी काही फेकून देत नाही. आदेर्बालला तारुण्यात संध्याकाळच्या वर्गाला जाऊन शिकलेली यंत्राची भाषा येत होती. नकाशे काढायची चिकाटी होती. नव्हतं ते फक्त मूळ मशीन.

लिबोरियो वारला होता. त्याची बायको दोना झुल्मिरा, म्हणजे झुल्मिराबाई, हिनं बार मोडला, बिलियर्डचं टेबल विकलं, पण मशीन ठेवून घेतलं. त्याच्या पडद्याच्या जागी तिनं सांव बेनेदितोची मूर्ती बसवली होती. वरचा नाव दाखवणारा दिवा अजून लागत होता, त्यामुळे संत महाराज "पोस्टमन" अशा झगमगत्या पाटीखाली उभे होते. खाली, जिथे टोकन पडायचं, तिथे लोक नवसाची नाणी टाकत.

"आतली पाटी तेवढी काढून द्या, दोना झुल्मिरा," आदेर्बाल म्हणाला. "ती चिपांची हिरवी पाटी. मूर्तीला हातही लावणार नाही."

"आणि पाटी काढल्यावर संताचं जागृतपण गेलं तर? माझ्या बहिणीचं गुडघ्याचं दुखणं इथेच बरं झालंय. पाद्रीबाबांना विचारा."

पाद्रीबाबा म्हणाले, देवाची हरकत नाही, पण जत्रा समितीला विचारा. दर जूनमध्ये संत जॉनच्या जत्रेत ही मूर्ती मशीनसकट मिरवणुकीत निघायची, त्यामुळे मशीन समितीच्या अखत्यारीत येत होतं. समितीनं कॉफी पाजली, चीजचे गरम पाव खाऊ घातले आणि ठराव केला: पाटी न्यावी, बदल्यात तो खेळ जत्रेत सगळ्यांना खेळायला ठेवावा, आणि संताला काही झाल्यास जबाबदारी आदेर्बालची, असं त्यानं लिहून द्यावं. अर्थात सही कचेरीत पक्की करून.

आता सही पक्की करणे हा आमच्या देशाचा राष्ट्रीय खेळ आहे. फुटबॉल त्याच्या खालोखाल. कचेरीत तुमच्या सहीचा एक नमुना ठेवलेला असतो, तिथला कारकून नवी सही त्याच्याशी ताडून बघतो आणि तुम्ही तुम्हीच आहात असा शिक्का मारतो. आदेर्बालचा नमुना तो विशीत असतानाचा होता. त्या सहीला शेपूट होतं, वेलांटीवर फूल होतं. पाणीखात्यात हजारो नकाशांवर सह्या करता करता ते फूल केव्हाच गळून गेलं होतं.

"ही सही तुमची नाही," कारकून म्हणाला.

"मी तुमच्यासमोर केली!"

"तेच तर. समोर करूनसुद्धा जुळत नाही."

"मग नवा नमुना घ्या."

"घेऊ की. जुन्यासारखी सही करून अर्ज द्या."

आदेर्बाल घरी आला आणि आठवडाभर जेवणाच्या टेबलावर विशीतल्या आदेर्बालची सही गिरवत बसला. स्वतःची सही खोटी करणारा माणूस दाल्वानं पहिल्यांदाच पाहिला. शेवटी फूल उमललं, शिक्का पडला आणि पाटी घरी आली. तिच्यावर मेणबत्तीचं मेण होतं आणि मधोमध एक मेलेलं झुरळ होतं.

काम सुरू झालं आणि शेजारी सल्ले द्यायला लागले. मुख्य अडचण अशी, की बारमधला पडदा उभा होता आणि घरातला टीव्ही आडवा. पूल त्यात मावेना. आदेर्बालनं विचार केला आणि टीव्हीच कुशीवर पाडला. आता पूल मावला. पण संध्याकाळची मालिका त्याच टीव्हीवर असे. दाल्वा पहिले काही दिवस सोफ्यावर कुशीवर निजून मालिका बघत राहिली. मग जुन्या काचेच्या नळीचा तो टीव्ही कुशीवर पाडल्याचा राग दाखवायला लागला आणि नायिकेचा अर्धा चेहरा हिरवा पडला. नायिका त्या आठवड्यात लग्न करत होती.

"आदेर्बाल," दाल्वा कुशीवरूनच म्हणाली, "तुला पुलावरून पलीकडे जायचंय ना? मी ढकलते."

टीव्ही पुन्हा सरळ झाला आणि आदेर्बालनं सगळे पूल नव्यानं आखले. इमारतीचे व्यवस्थापक सेऊ क्लोव्हिस रोज संध्याकाळी पाहणीला येत. इमारतीत कुठेही काहीही चालू असलं की पाहणी हा त्यांचा हक्क होता. ते म्हणाले, "कुत्री लुकलुकतायत."

"या डब्याला एका ओळीत आठाच्या वर चित्रं झेपत नाहीत, सेऊ क्लोव्हिस. म्हणून ती आळीपाळीनं दाखवावी लागतात."

"मग कुत्री कमी करा. नियमानुसार इमारतीत पाळीव प्राणी दोनच."

आदेर्बालनं एकही कुत्रं कमी केलं नाही. तो पाटीवरच्या चिपा वाचत होता, आकडा न् आकडा. पहिल्या पुलाचं चित्र सापडलं, दुसऱ्याचं सापडलं, असं करत सहाव्याचंही. आणि त्यानंतर काही नव्हतं. त्यानं पुन्हा वाचलं, मागून पुढे वाचलं. मशीन सहाव्यानंतर पुलांचा हिशोब पुसून पहिल्यापासून सुरू करत होतं. सातवा पूल मशीनमध्ये नव्हता. कधीच नव्हता.

त्या दिवशी तो जेवला नाही. दाल्वानं कारण विचारलं, त्यानं सांगितलं. ती म्हणाली, "खेळ तूच करतोयस ना? मग काढ की एक पूल. आकडे वाहव, कुत्री टांग. नकाशेच तर काढलेस जन्मभर."

वाल्दोमिरो कॉफी प्यायला आला, तोही म्हणाला, "काढ रे. गाव बघेल, गप्प बसेल. मी पहिला टाळी वाजवतो. एवढं काय त्यात, कोंपाद्रे?"

आदेर्बालला जन्मात कधी मोह झाला नसेल एवढा त्या वेळी झाला. दुपारभराचं काम होतं. पाहणाऱ्यांपैकी एकालाही कळलं नसतं. पण ज्या माणसाला लोकांनी आयुष्यभर खोटारडा म्हटलं, त्यानं ते खोटं नाही हे दाखवायला खोटं करायचं, हे काही त्याच्या गळ्याखाली उतरेना.

"मशीनमध्ये जे आहे तेच उतरवणार," तो म्हणाला. "नसेल तर नाही. जत्रेत उभा राहून सांगेन, की नाही."

वाल्दोमिरोनं कॉफी अर्धी टाकली आणि उठून गेला. त्याला कॉफी अर्धी टाकताना गावात कुणी पाहिलं नव्हतं.

मे महिन्यात खेळ तयार झाला आणि आदेर्बालनं बारमधली जुनी मंडळी चाचणीला बोलावली. सगळे टकले, सगळे चष्मेवाले. सगळ्यांनी खेळून पाहिलं आणि सगळ्यांचे चेहरे पडले.

"छान आहे," एक जण म्हणाला, "पण हा तो नाही."

"सगळं तेच आहे! आकडा न् आकडा तोच!"

"गुडघा कुठाय?"

हे ऐकल्यावर आदेर्बाल मटकन खाली बसला, कारण त्यांचं म्हणणं बरोबर होतं. लिबोरियोच्या मशीनला गुडघा मारला की कुत्री क्षणभर जागच्या जागी थिजायची. अख्खं गाव गुडघा मारून खेळायचं. कधी मारायचा, किती जोरात, डावा की उजवा, यावर घराणी होती. जो खेळतोय त्यानंच मारायचा, हा एकच कायदा. बघणाऱ्यानं मारला तर लिबोरियो त्याला कानाला धरून रस्त्यावर काढी. जगात इतरत्र हा खेळ कसा खेळतात ते आम्हाला ठाऊक नाही आणि जाणून घ्यायचीही इच्छा नाही. पेद्रा मान्सात पोस्टमनला गुडघा असतो.

"एक बटण देतो गुडघ्यासाठी," आदेर्बाल म्हणाला.

"बटण म्हणजे अंगठा," मंडळींनी एकमुखानं सांगितलं. "गुडघा म्हणजे गुडघा."

तेव्हा त्यानं सुताराकडून लाकडी खोका करून घेतला. खोक्यात टीव्ही आणि डबा बसवला आणि फळीमागे स्वतःच्या दारावरच्या घंटेचं बटण लावलं. त्यामुळे त्याच्याकडे येणाऱ्यांना जिन्यातून हाका माराव्या लागू लागल्या आणि सेऊ क्लोव्हिसनी रहिवाशांची तातडीची सभा घेतली. विषय दोन: हाका, आणि भिंतीतून येणारे धपधप आवाज. तळमजल्यावरच्या बाईंनी मात्र गुडघ्याला लावायला तेल पाठवलं.

पण खरं काम पुढेच होतं. धक्का बसला की कुत्री थांबवायची, एवढं लिहिणं सोपं होतं. आदेर्बालनं ते लिहिलं आणि पुसून टाकलं. मशीनमध्ये कुत्री थांबवणारा कुणी नव्हता. पाटीवरची एक चिप खाचेत सैल होती. धक्का बसला की तिचे पाय सुटायचे, मशीनला पापणी लवण्याइतका वेळ भलतेच आकडे ऐकू यायचे आणि बिचारं गोंधळून थांबायचं. त्यानं तो गोंधळच उतरवला. गुडघा बसला, की त्या क्षणापुरती चिप सैल. मग कुत्री आपोआप थांबली. मंडळींनी पुन्हा खेळून पाहिलं आणि त्यातला एक जण चष्मा काढून डोळे पुसायला लागला. त्याच्या बायकोच्या आजारपणातही त्याला कुणी रडताना पाहिलं नव्हतं.

जत्रेची संध्याकाळ आली. चर्चपुढच्या मैदानात कागदी पताका, शेकोटी, आल्याचा गरम काढा, मक्याची खीर. लहान मुलांच्या गालावर काजळाच्या मिशा. मिरवणूक आटोपून सांव बेनेदितो मांडवात विसावले आणि त्यांच्या शेजारीच खोका मांडला. गाव लोटलं. सातवा पूल दाखवणार, ही बातमी फिरलेलीच होती. आदेर्बालच्या निवृत्तीला भाषण केलेले साहेबसुद्धा खिरीची वाटी घेऊन पहिल्या रांगेत उभे होते.

आदेर्बालनं घसा साफ केला. "मंडळी, मी या मशीनचा आकडा न् आकडा वाचलाय. यात सहाच पूल आहेत. सातवा नाही." बाहेर शेकोटी तडतडली. "त्या दुपारी मला जे दिसलं ते दिसलं. कसं दिसलं ते मला माहीत नाही. आता मी सहा पूल खेळतो. पुढे पहिला येईल, तो सगळ्यांनी बघा. आणि तिथे हा विषय संपला. यापुढे मी पुलाचं नाव काढणार नाही. तुम्ही काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा."

कुणी हसलं नाही. साहेबांनी खीर खाली ठेवली. दाल्वानं दुसरीकडे तोंड वळवलं, कारण तिला रडू येत होतं आणि ते नवऱ्याला दिसू द्यायचं नव्हतं.

तो खेळायला लागला. महिनोन् महिने कुत्र्यांमध्ये राहिलेला माणूस तो. पहिला गेला, दुसरा गेला, तिसऱ्याला चष्मा नाकावरून घसरला तो दाल्वानं मागून वर ढकलला. चौथ्याला गुडघा, पाचव्याला दोनदा. त्याच्या उजव्या बाजूला, खोक्याला खेटून, वाल्दोमिरो उभा होता. जत्रेत त्याच्या हातात काढ्याचा पेला असतो, आज नव्हता. तो घामाघूम झाला होता.

सहावा पूल. पोस्टमन निम्म्यावर आला, शेवटच्या फळीवर आला. आदेर्बालनं एक मोठा श्वास घेतला. स्वतःच्या बदनामीकडे इतक्या नेटानं चालत जाणारा माणूस गावानं पाहिला नव्हता. पोस्टमननं पलीकडे पाय ठेवला, आणि त्याच क्षणी धाडदिशी आवाज झाला. खोका हलला. वाल्दोमिरोनं गुडघा मारला होता.

"बघणाऱ्याचा गुडघा!" सगळा मांडव ओरडला. "काढा त्याला बाहेर!"

"बंद पडू दे!" वाल्दोमिरो किंचाळला. "त्याला असं सगळ्यांपुढे नाही बघवत मला! बंद पडू दे ते!"

पण बंद काही पडलं नाही. पडदा एकदा लवला. मग पूल आला. पुलाखालून आकडे वाहत होते, पांढरे, भरभर, तीन-आठ-शून्य एकावर एक. वर आभाळातून कुत्री उलटी लोंबकळत होती.

गर्दीनं माना उंचावल्या. आदेर्बालला तेवढ्यात सगळं कळलं. सहावा ओलांडला की मशीन हिशोब पुसतं. नेमक्या त्याच क्षणी चिप सुटली, तर पुसायचं राहतं, मशीन सातावर जातं आणि तिथे काहीच नसल्यामुळे हाताला लागेल ते दाखवतं. त्यानं हे कधी तपासलंच नव्हतं. पूल ओलांडून झाल्यावर गुडघा मारील कोण? जो खेळतोय तो कशाला मारेल? जिंकलेल्या माणसाचा खेळ मोडायचाय, असाच कुणीतरी मारणार.

त्यानं मान वळवून वाल्दोमिरोकडे पाहिलं.

वाल्दोमिरोचा चेहरा पिठासारखा पांढरा पडला होता. "त्या दिवशीपण मीच," तो म्हणाला. "तू सहावा ओलांडत होतास. मी चौथ्यावर अडकलेला. जळफळाट झाला माझा. मारला, आणि लिबोरियोनं बघितलं तर कान धरेल म्हणून दाराकडे तोंड केलं. खरंच बाहेर बघत होतो रे, कोंपाद्रे. मला वाटलं, तुझा खेळ मोडला म्हणून तू थापा मारतोयस. म्हणून मग मी पण... आणि आज... आज काही तसा नाही मारला."

"माहीत आहे," आदेर्बाल म्हणाला.

पस्तीस वर्षांचं बरंच काही त्याच्या जिभेवर आलं होतं. बाप्तिस्म्याचं पाणी, साहेबांचं भाषण, जेवणाच्या टेबलावर गिरवलेली सही. पण मांडवात टाळ्या सुरू झाल्या, साहेब पुढे येऊन हात हातात घ्यायला लागले, दोना झुल्मिरानं हे संताचंच काम असल्याचं जाहीर केलं आणि मिरवणूक पुन्हा काढायचा आग्रह धरला. या गडबडीत पोस्टमनकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. तो आकड्यांत पडून वाहून गेला. खेळ संपला.

"अरे!" गर्दीतून कुणीतरी म्हणालं. "म्हणजे सातवा पूल बघितला फक्त. ओलांडला कुठे?"

टाळ्या थांबल्या. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मुद्दा बिनतोड होता. साहेबांनी आदेर्बालचा हात सोडला आणि खिरीची वाटी उचलली.

आदेर्बालनं चष्मा पुसून पुन्हा नाकावर चढवला आणि खोक्यापुढे पाय रोवून उभा राहिला.

"वाल्दोमिरो," तो म्हणाला, "इकडे ये. तिथेच उभा राहा, उजवीकडे. आणि सहाव्याच्या शेवटच्या फळीवर, मी सांगेन तेव्हा मार. त्याच्या आधी मारलास, तर पोरीचा धर्मपिता बदलीन."

"आता? ती पोरगी तिशी ओलांडून गेली, कोंपाद्रे!"

"तरी बदलीन," आदेर्बाल म्हणाला, आणि त्यानं खेळ सुरू केला.